घरच्या पायरीइतकी

मिस्त्रीने गाडी जॅकवरून खाली सोडली, दोन्ही हातांनी बॉनेट दाबून पाहिलं आणि तो म्हणाला, "बसली बघा खाली, काकू. आता लावा तुमची दोरी."

काकूंनी पर्समधून सुतळीचा तुकडा काढला. सुतळीला एक गाठ होती. तिथपर्यंत घरच्या पायरीची उंची. तेवढा पाय काकांना अजून उचलता येत होता, त्याहून वर नाही. आणि गाडी तर जीपसारखी उंच. रोज संध्याकाळी काका शर्ट बदलून तिच्याजवळ येत, पाय उचलून बघत, तो पोचत नसे, मग तसेच मागे फिरून पायरीवर बसत आणि लहान मुलासारखे रडत. माणसांची नावं अलीकडे त्यांच्या हाती लागत नव्हती. गाडी मात्र ते विसरले नव्हते.

काकूंनी वाकून सुतळीचं टोक जमिनीला टेकवलं आणि ती दाराखालच्या पट्टीपर्यंत ताणली. पट्टी गाठीच्या वर दोन बोटं होती.

"अजून उंचच आहे हो."

"स्प्रिंगा याहून आखूड घातल्या, तर प्रत्येक खड्ड्यात चाक वर बॉडीला आपटेल. उरलेलं टायरात काढू." मिस्त्रीने दोन टायर गडगडत आणून त्यांच्यापुढे उभे केले. "हा नाहीतर हा. बोला."

काकूंनी चष्मा नीट करून आकडे वाचले. मग एकावर बोट ठेवलं. "हा लहान. हा घाला."

"तो उंच आहे."

"अहो, आकडा तर लहान आहे याचा."

"तो रुंदीचा आकडा. मिलिमीटरमधला. पुढचा उंचीचा, पण तो रुंदीच्या टक्क्यात. आणि शेवटचा रिमचा, इंचात."

"एका चाकाला तीन मापं? शिंपी असं करता, तर बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या असत्या." काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला. आकडे होते तसेच होते. "म्हणजे जो जाडा दिसतो, तो ठेंगणा?"

"आता कसं!"

"चाक वळवताना वर कुठे घासणार नाही ना?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे घासलं तर कळेलच." मिस्त्री हसला. मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "एक मात्र आहे. हे घातले की काटा थोडं खोटं बोलणार. तो साठ दाखवील, गाडी तेवढी पळत नसेल."

"बोलू दे. आज सकाळी हे मला अहो-जाहो करत होते. विचारलं, तुमच्या आईची तब्येत कशी आहे. तिला जाऊन किती वर्षं झाली! मी सांगितलं, बरी आहे." काकूंनी सुतळी बोटाला गुंडाळली. "ठेंगणे बसवा."

काका गॅरेजच्या दाराशी खुर्चीवर बसून होते. मिस्त्री चाकं काढत होता, घालत होता. जुने टायर त्याने भिंतीशी दोन-दोनच्या दोन चळतींत शेजारी शेजारी रचले. शेवटी काकूंनी पुन्हा सुतळी धरली. पट्टी बरोबर गाठीवर आली होती. त्यांनी दोनदा मापून पाहिलं.

"आणि हे आपल्यातर्फे," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या बाजूचं दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नव्हतं ना? आता बघा." त्याने एका बोटाने दार लोटलं. ते आवाज न करता लागलं.

काकू काकांना हाताला धरून घेऊन आल्या. "चला, निघायचं ना? आता पाय पोचेल तुमचा."

काका दारापाशी उभे राहिले. आतली मूठ धरून चढायची त्यांची सवय. हात नेहमीसारखा वर गेला आणि छताच्या कडेवर आपटला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग गाडीकडे. पाय उचललाच नाही.

"ही कुणाची?"

"अहो, आपलीच."

"आपली उंच आहे," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमची काहीतरी गफलत होतेय, बाई."

मिस्त्रीने खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवला. "ऐका काका, आवाज ओळखीचा आहे की नाही?"

काका गाडीला वाट द्यायला बाजूला सरकले.

काकूंनी सुतळी उलगडली, गाठ चाचपली. माप चुकलं नव्हतं. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने जुन्या स्प्रिंगांकडे पाहिलं. "परत उंच करू का, काकू?"

"मग पाय कसा पोचणार?"

"मग काय करू?"

काकू काकांना शोधायला वळल्या.

काका भिंतीकडे चालत गेले होते. झिजलेल्या जुन्या टायरांवरून त्यांनी तळहात फिरवला. एका चळतीवर ते सावकाश टेकले, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात समोर धरले. मग मान वळवून बघितलं.

"अगं, बस ना. किती उशीर!"

काकू तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं. मिस्त्रीने पान्हा खाली ठेवला. मग त्या गेल्या आणि शेजारच्या चळतीवर बसल्या.

"दार," काका म्हणाले.

काकूंनी हात लांब केला आणि काहीच नव्हतं तिथून ओढून घेतला.

काका वाट बघत राहिले. "लागलं नाही."

काकूंनी पुन्हा ओढलं, या वेळी जोरात.

तेव्हा कुठे काकांनी किल्ली फिरवली.