पेन्शनचा कागद

"लग्नाचं आमिष दाखवून त्यानं मला कर्ज काढायला लावलं आणि पळाला! माझा काय दोष, साहेब?" पतपेढीत शोभना धाय मोकलून रडत होती. म्हातारी आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

साहेबांनी कर्जाचा अर्ज पुढे सरकवला. "पण तारण ठेवलेलं घर आईंचं आहे. त्यांचा हा अंगठा कोणी घेतला?"

पाठीवरचा हात थांबला.

शोभनानं निळ्या ठशावरून नजर वळवली. आईचा हात धरून तो तिनंच उमटवला होता. "पेन्शनचा कागद आहे गं," म्हणत शाईसुद्धा पदरानं पुसली होती.

आईनं अंगठा मुठीत लपवला. "त्यानंच घेतला, साहेब."

आता कुणाच्या नावानं रडावं, शोभनाला कळेना.