तेवढीशी बाटली

गर्भाशयातली गाठ दुर्मीळ होती. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "तुला मूल हवंय, ठाऊक आहे. फक्त गाठच काढायचा प्रयत्न करते. पण गर्भाशयच काढावं लागलं, तर नाइलाज."

ती भुलीतून जागी झाली, तेव्हा डॉक्टर पुढच्या शस्त्रक्रियेत होत्या. उशाशी सासूबाई होत्या.

"आई, काय काढलं?"

"मला काय कळतंय त्यातलं! एक बाटली दाखवली, तीही मी अर्धे डोळे मिटूनच पाहिली."

"केवढी होती?"

"खोकल्याच्या औषधाची असते ना, तेवढीशी."

दहा वर्षं प्रयोगशाळेत अशाच बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी ती एकदम हसत सुटली.

"अगं, टाके उसवतील!"

"गर्भाशयाला मोठी बरणी लागते, आई. तेवढ्याशा बाटलीत ते मावत नाही."