इथे फक्त गुडघा

काटा ठरलेल्या रेषेच्या खाली येऊन थांबला आणि आहारतज्ज्ञ बाईंनी टाळी वाजवली. बाकांवर वजनासाठी ताटकळलेल्या लोकांना त्यांनी हाताने खुणावलं, तसे तेही टाळ्या वाजवू लागले. पैलवान काट्यावरून उतरला, दुखऱ्या गुडघ्यावर जमेल तेवढा वाकला आणि नाटक संपल्यावर नट करतो तसा सगळ्यांना नमस्कार केला. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे भरून आले.

पैलवान जन्मात कधी कुस्ती खेळला नव्हता. तो न्हावी. अंगाने आडदांड म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव ठेवलं होतं. आयुष्यभर खुर्चीभोवती उभं राहून गुडघे झिजले होते. आता तो दाढीसुद्धा उंच स्टुलावर बसून करायचा. सरकारी इस्पितळात गुडघा फुकट बदलून मिळायचा. पण बदलणारे हात थोडे आणि रांग मोठी, म्हणून तिथे नियम निघाला होता. वजन जास्त असेल त्याला तारीख नाही. जाड माणसाचा नवा गुडघा लवकर झिजतो, जागा फुकट जाते.

“आता बघा,” पैलवान गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत सांगायचा, “चाललो तर वजन उतरेल, वजन उतरलं तर गुडघा मिळेल, आणि गुडघा मिळाला तर मी चालेन. आहे की नाही गंमत?”

बायकोने तळण बंद केलं, साखरेचा डबा कुलपात ठेवला. काटा ढिम्म हलला नाही. “काका, जिभेवर ताबा नको का?” आहारतज्ज्ञ बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जणू तीच त्याला चोरून खाऊ घालत होती.

आणि मग एकदाचं वजन उतरायला लागलं. पैलवान ताटातलं निम्मं बाजूला सारायचा. “भूकच मेली गं,” म्हणायचा. विजार नाडीने आवळूनही कमरेवर टिकेना. बायकोने ती हौसेने शेजारणीला नेऊन दाखवली. मधूनच पोटात कळ येते म्हणून त्याने तक्रार केली, तेव्हा आहारतज्ज्ञ बाई हसल्या. “पोट आकसतंय, काका. चांगलं लक्षण आहे.” बायकोचं समाधान झालं नाही. तिने गुडघ्याच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी मानही वर केली नाही.

“इथे फक्त गुडघा बघतात. पोटाची रांग वेगळी. तिथे नाव घाला.”

नाव घातलं. तिथून बोलावणं काही आलं नाही.

टाळ्या वाजल्या त्याच दिवशी गुडघ्याची तारीख मिळाली. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं, त्यात काहीतरी खटकलं, म्हणून पोटाचा स्कॅन झाला. मग गुडघ्याच्या डॉक्टरांनी दोघांना आत बोलावून घेतलं. स्वतःच दार लोटून घेतलं.

“गुडघा आता नाही करता येणार,” ते म्हणाले. “पोटात कॅन्सर आहे. यकृतापर्यंत गेलाय. वजन त्यानेच उतरलं.”

पैलवानाने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे.

“मग डॉक्टरसाहेब, गुडघा तेवढा करूनच टाका,” तो म्हणाला. “उरलेले दिवस दुकानात उभा तरी राहीन.”

“तसं नाही चालत. ज्याला तो जास्त वर्षं वापरता येईल त्याला आधी. तुमची तारीख पुढच्या माणसाला दिली आहे.”

दिली आहे. म्हणजे यांच्या कानावर घालण्याआधी त्या पुढच्या माणसाच्या घरी फोन गेला होता. तिथे आत्ता पेढा नसेल, पण आनंद नक्की असेल, आणि त्या कुणा बिचाऱ्याचा राग करायचीही सोय नव्हती.

“इतकं होईपर्यंत थांबलात कशाला?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हेच जास्त किळसवाणं होतं. “लवकर यायचं ना.”

“दर महिन्याला येत होतो,” बायको म्हणाली. “याच दारातून.”

बाहेर तेच बाक, तीच गर्दी. आहारतज्ज्ञ बाई मोबाइल घेऊन लगबगीने पुढे आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला भिंतीशी उभं केलं. “काका, हसा बघू. फोटो इथे लावणार आहोत. बाकीच्यांना हुरूप येतो.”

आणि पैलवान हसला. आयुष्यभर आरशातून गिऱ्हाइकाकडे बघत हसला होता, तसाच. बायको मोबाइलसमोर आडवी येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या खांद्यावरचा बाईंचा हात तिने उचलून बाजूला केला.

“फोटो नको. यांना कॅन्सर झालाय. वजन तुम्ही नाही उतरवलंत, त्याने उतरवलं.”

बाईंचा चेहरा पडला. पण त्यांनी पैलवानाकडे पाहिलंच नाही, आधी बाकांकडे पाहिलं. “हळू बोला हो,” त्या कुजबुजल्या, “पेशंट घाबरतील.”

तेव्हा ती बाकांकडे वळली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून बोलली. “भूक मरून वजन उतरत असेल तर टाळ्या घेऊ नका. आधी पोट दाखवा. हाकललं तरी दारातून हलू नका.”

पैलवानाने तिचा हात धरला. “चल गं,” तो म्हणाला.

काट्यापाशी वजनासाठी उभी असलेली एक पेशंट पुढे आली. तिचा पाय काट्यावर पडलाच होता, तो तिने मागे घेतला.

“ताई,” ती म्हणाली, “माझंही आपोआपच उतरतंय.”