नंतर विचारलेला प्रश्न

दारावर टकटक झाली आणि ती खुर्चीतच दचकली. एडिटिंगच्या खोलीच्या दारात लिफ्टमन काका उभे होते. अंगात गणवेश, हातात घडी घातलेला कागद.

"ताई, येऊ का आत? तुमची ती फिल्म पुन्हा एकदा बघायची होती."

चार दिवस ती त्यांना चुकवत होती. ग्रंथालयात जायचं तर तीन मजले जिन्याने चढत होती, आणि मैत्रिणी विचारायच्या तेव्हा व्यायामाचं कारण सांगत होती. आज काका स्वतःच येऊन उभे राहिले होते.

"या ना काका. बसा."

फिल्म होती साडेतीन मिनिटांची, कॉलेजच्या बातमीपत्रासाठी केलेली. ग्रंथालयाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत चार मुली पंचवीस मिनिटं घंटेचं बटण दाबत होत्या आणि कोणी फिरकलं नव्हतं. तिने मुलींना बोलतं केलं, मग काकांना. फिल्म कॉलेजच्या टीव्हीवर लागली, सगळ्यांनी पाहिली. सरांनी पाठ थोपटली, स्पर्धेला पाठवू म्हणाले. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्याच दिवशी काकांना चौकशीची नोटीस आली आणि ते सगळं उतरलं.

कारण तिला माहीत होतं, तिने काय केलंय ते.

पत्रकारिता विभागाकडे कॅमेरा एकच. मुलाखतीच्या वेळी तो उत्तर देणाऱ्यावर लावलेला असतो. विचारणाराही दिसायला हवा, म्हणून समोरचा माणूस गेल्यावर कॅमेरा फिरवायचा, रिकाम्या स्टुलाकडे बघत तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि नंतर ते जोडायचे. सगळेच असं करतात. अट एवढीच, की प्रश्न शब्दाला शब्द तोच हवा. तिने काकांना विचारलं होतं, "गेल्या वर्षी काकू आजारी होत्या, तेव्हा कधी लिफ्ट सोडून गेला होतात का?" काका सरळ म्हणाले, "हो, गेलो होतो. चूक झाली." स्टुलाला विचारताना मात्र तिने प्रश्न आटोपशीर केला. "लिफ्ट सोडून गेला होतात का?" प्रश्न छोटा ठेवा, असं सर कायम बजावायचे. कॅमेऱ्यामागे तिची उंच मैत्रीण होती, जिला सगळा वर्ग ट्रायपॉड म्हणायचा. ती फक्त म्हणाली, "मस्त! आता कसं कडक वाटलं."

आणि जोडताना ते तिच्या लक्षात आलं नव्हतं असंही नाही. चांगलं आलं होतं. पण चार रडवेल्या मुली, मग तो प्रश्न आणि मग मान खाली घालून "चूक झाली." इतकं चपखल बसलं होतं, की तिचा हात तिथून हलेना. काकांची पुढची दोन वाक्यं मध्ये येत होती, तीही तिने उडवली. वेळेत बसत नाहीत, असं स्वतःला सांगितलं.

"आज तीन वाजेपर्यंत लिहून द्यायचंय," काका म्हणाले. "मग साहेब ठरवणार, ठेवायचं की काढायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत हो."

तिने चार दिवस उत्तरं जुळवून ठेवली होती. वेळ कमी होता. सरांनी बघूनच पास केलं. त्यातलं एकही आता तोंडातून निघेना. काका भांडायला आले असते तर बरं झालं असतं.

पडद्यावर दोन फायली होत्या. तयार फिल्म आणि मूळ चित्रीकरण. फिल्म लावली असती तर काका बघून निघून गेले असते, तिला ब्रही काढावा लागला नसता. बाण फिल्मवर जाऊन थांबला. मग तिने तो खाली नेला आणि मूळ चित्रीकरण उघडलं.

काका पुढे वाकून बघू लागले. तिच्याच आवाजात तो लांबलचक प्रश्न आला, गेल्या वर्षासकट, काकूंच्या आजारासकट. "हो, गेलो होतो. चूक झाली," पडद्यावरचे काका म्हणाले. आणि लगेच पुढे, "पण परवा मी जागेवरच होतो, ताई. घंटा वाजलीच नाही."

तिने चित्र थांबवलं.

"मी प्रश्न बदलला, काका. तुम्ही गेल्यावर. आणि हे शेवटचं कापून टाकलं." तिने थांबलेल्या चित्राकडे बोट दाखवलं. "मुद्दाम कापलं. लक्षात येऊनसुद्धा. तीन वाजता मी येते तुमच्याबरोबर, साहेबांना हे सगळं दाखवते. स्पर्धा गेली खड्ड्यात."

आता काका ओरडतील, निदान शिवी तरी देतील, म्हणून ती वाट बघत राहिली. त्यांनी सावकाश कागदाची घडी उलगडली आणि तिच्यापुढे धरली. ठळक, जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं : त्या दिवशी मी माझ्या जागेवर नव्हतो. माफी असावी.

"हे काय, काका? तुम्ही तर तिथेच होतात!"

"मलाही तसंच वाटत होतं. पण टीव्हीवर बघितलं, तुम्ही विचारताय, मी हो म्हणतोय. म्हटलं, म्हणूनच घंटा ऐकू आली नसेल." ते अजून पडद्याकडेच बघत होते. "वय झालं, आपणच विसरलो असू. शिकलेली पोर कशाला खोटं दाखवेल?"