घरभर चिठ्ठ्या

नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची म्हणून सुनेनं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दिव्याच्या बटणावर ‘टर्न ऑफ – बंद करणे’, कपाटावर ‘पुट अवे – जागेवर ठेवणे’, केराच्या डब्यावर ‘थ्रो आऊट – टाकून देणे’.

“घर आहे की शब्दकोश?” सासरे रोज करवादायचे. त्यांच्या चष्म्याच्या डबीवरची चिठ्ठी तर त्यांनी दोनदा चुरगाळून फेकली होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच बाळाला सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला. ताप भरलाय, येत नाही. नवरा केव्हाच कामावर गेला होता. सुनेनं हॉल तिकीट पर्समधून काढून टेबलावर ठेवलं आणि ती पाळण्याकडे वळली.

पाळणा रिकामा होता. त्याच्यावरची ‘लुक आफ्टर – सांभाळणे’ ही चिठ्ठीही गायब होती.

ती सासऱ्यांच्या शर्टावर होती, छातीच्या बरोबर मधोमध. कडेवर बसलेलं बाळ दोन्ही हातांनी त्यांची मिशी ओढत होतं.

“बघत काय राहिलीस? नीघ!” मिशी न सोडवता सासरे म्हणाले. “अर्थ पाठ झालाय माझा. आता वाक्यात उपयोग करतो.”