पाचवा आकडा

"हा माझ्या मोठ्या मामांचा," ती म्हणाली आणि तिने काउंटरवर फोन ठेवला. "कधी बनलाय, तेवढं सांगा."

मोबाइल दुरुस्तीवाल्याने पातळ पट्टी सरकवून फोनचं मागचं झाकण अलगद उचललं. हा तिचा आठवा फोन. गेले दोन महिने दर गुरुवारी पावणेसहाच्या ठोक्याला ती यायची आणि सहाची बस पकडून जायची. आधी स्वतःचा फोन आणला, मग आईचा, मावशीचा, शेजारणीचा. कंपनी एकच, सगळ्या गल्लीच्या हातात असते ती. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारतात हो, म्हणून खात्री करून घेते, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला ते पटलं. खरं म्हणजे तिने दुसरं काहीही सांगितलं असतं तरी पटलंच असतं.

आतल्या लेबलावर नऊ आकडे होते. या आकड्यांचं कोडं त्याने कुणाच्याही मदतीशिवाय सोडवलं होतं आणि त्याचा त्याला कोण अभिमान. पहिले दोन सालाचे, पुढचे दोन आठवड्याचे, पाचवा वाराचा, उरलेले चार नुसता अनुक्रमांक. हे तो तिला दर वेळी पहिल्यापासून सांगायचा आणि तीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची.

"एकतिसावा आठवडा," तो म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटाने आठवडे मोजू लागला.

"जुलैचा शेवट," ती म्हणाली. त्याचं बोट अजून मार्चमध्येच होतं.

हिचं गणित भलतंच पक्कं दिसतंय, असं त्याला वाटलं आणि तो खुलला. म्हणाला, पाचवा आकडा एकपासून सहापर्यंतच असतो. बारा वर्षांत त्याने हजारो फोन उघडले, पण सात कधी पाहिला नाही. म्हणजे रविवारी त्यांचा कारखाना बंद असणार. आणि ही आकड्यांची भानगड ज्याने काढली तो माणूस डोक्याने जरा तिरकाच असला पाहिजे.

ती इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग झाकण बसवून घेता घेता तिने विचारलं, "तुमचं दुकान रविवारी उघडं असतं का?"

"बंद. रविवारी मी झोपतो," तो म्हणाला. सहाची बस आली आणि ती गेली.

शेजारी त्याच्या थोरल्या बहिणीचं शिवणाचं दुकान होतं. मध्ये नुसती फळ्यांची भिंत, त्यामुळे ताईला सगळं ऐकू यायचं. ती मशीन थांबवून, गळ्यात टेप तसाच ठेवून आली. अशी बाई रविवारचं विचारते आणि हा शहाणा झोपतो म्हणून सांगतो, यावर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. चाळिशी आली तरी याला अक्कल येत नाही, म्हणाली. ती काम कुठे करते, हे तरी विचारलंस का? त्याने विचारलं नव्हतं. तिच्या कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकची बारीक रेघ उमटलेली असते, तेव्हा दवाखान्यात असेल, असा त्याचा अंदाज. ताईच्या मते बेकरीत.

"कुठेही असू दे," ताई म्हणाली. "पुढच्या गुरुवारी तू विचारायचंस, 'रविवारी वेळ आहे का?' चार शब्द आहेत. जमतील ना?"

आठवडाभर तो बंद फोनच्या काळ्या काचेत बघून ते चार शब्द घोकत होता. गिऱ्हाईक नसलं की मोठ्याने, असलं की मनात. एका गिऱ्हाइकालाच चुकून विचारून बसला. तो पोस्टमन होता. तो म्हणाला, संध्याकाळी आहे.

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. पावणेसहाला ती आली. आज तिच्या हातातला फोन रिकाम्या डबीसारखा हलका होता. नुसता सांगाडा, आत ना बॅटरी ना काही.

"हा शेवटचा," ती म्हणाली. "आता ओळखीतलं कुणी उरलंच नाही."

आज विचारलं नाही तर पुढच्या गुरुवारी पावणेसहा वाजतील आणि कुणी येणार नाही. त्याने तोंड उघडलं. चारांतला एकही शब्द आठवेना. पलीकडे शिलाई मशीन एकाएकी थांबलं, त्याने तर तो आणखीच गडबडला. मग जे हमखास जमत होतं तेच त्याच्या हातांनी केलं. झाकण उचललं आणि तो आकडे वाचू लागला.

साल चालूच होतं. आठवडाही चालूच निघाला. पाचव्या आकड्यावर त्याचं घोडं अडलं. त्याने भिंग लावून पाहिलं, लेबल पुसून पाहिलं.

"सात आहे," तो म्हणाला. "म्हणजे येत्या रविवारचा. हा फोन अजून बनलेलाच नाही."

"नीट बघा."

"बघितलं. छापणाऱ्याची चूक झाली असेल. रविवारी कारखान्यात चिटपाखरूही नसतं."

बाहेर सहाची बस येऊन थांबली. ती जागची हलली नाही.

"नसतं, मला माहीत आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं तिथली लेबलं मीच छापते. आता पुढचे चार आकडे वाचा, ती वेळ आहे."