पहिला काप

सकाळपासून राजकन्येने शिलाई मशीनला तीन वेळा तेल पाजलं होतं. दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावून झाली, हुकांच्या पुड्या वेगळ्या झाल्या, आणि आता ती कात्रीवर नसलेला गंज पुसत बसली होती. समोर टेबलावर तनुजाचा ब्लाउज पीस पसरलेला होता. जांभळं रेशीम, चार बोटं जरीचा काठ. त्यावर खडूच्या रेघा परवाच मारून झाल्या होत्या. त्या पुसट झाल्या म्हणून काल पुन्हा मारल्या.

तनुजाचं लग्न उद्या. ब्लाउज न्यायला ती आज पाचला येणार होती आणि आता अकरा वाजले होते. दोघी एकाच गल्लीतल्या, म्हणून तिने हक्काने काम दिलं होतं. कापड शालूतलंच असल्यामुळे चुकलं तर तसा तुकडा अख्ख्या अहमदपुरात मिळायचा नव्हता. साधे ब्लाउज राजकन्या डोळे मिटून शिवायची. नवरीचा हा पहिलाच. याच्याजवळ कात्री नेली की एकदम आठवायचं, की कुणाच्या तरी साडीला फॉल लावायचा राहिलाय. चार दिवसांत गल्लीतल्या सगळ्या साड्यांना फॉल लागले होते.

तिची सासू धुरपताबाई दारात बसून चिंचा फोडत होती.

"राजकन्ये, किती पुसशील? झिजंल की ती कात्री."

"भ्या वाटायलंय आत्याबाई." राजकन्येचे डोळे भरून आले. "एकदा कापलं की माघारी येत न्हाई. सांगून टाकू का तिला, मला जमत न्हाई म्हणून?"

"लग्न उद्या हाय. आता कोण शिवून देतंय?"

धुरपताबाई उठली. चिंचेचे हात तिने पदराला दोनदा पुसले, सुनेच्या हातातून कात्री घेतली, आणि काही न विचारता कापडाच्या कोपऱ्यात कर्रकन चालवली.

"आत्याबाई! काय केलं हो हे?"

"लागली कात्री. आता ते कोरं न्हाई राह्यलं. आता कशाला भेतीस?" म्हणत धुरपताबाई पुन्हा दारात जाऊन बसली.

राजकन्या कापडावर ओणवी झाली. काप बोटभर पाठीच्या रेघेत शिरला होता. तिने खडूच्या रेघा झटकल्या आणि पाठीच्या मापाचा कागद वर सरकवला, तर बाह्या बसेनात. बाह्या काठाकडे फिरवल्या, पुढचे भाग आडवे घातले, ते जेमतेम बसले. तोंडाने सासूच्या सात पिढ्यांचा उद्धार चालूच होता. त्या रागातच तिने पाठ कापली, मग पुढचे भाग. दुसरी बाही सुटून हातात आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की कापायचं काही उरलंच नाही.

मशीनवर बसताना तिने विचारलं, "आत्याबाई, कोपऱ्यात कापलं तर चालतंय, हे तुमाला कसं ठाऊक?"

"मला काय ठाऊक गं? मी जन्मभर गवत कापलंय."

राजकन्येने वळून पाहिलं. मघापासून सासूने एकही चिंच फोडलेली नव्हती. नुसती हातात धरून बसली होती. राजकन्येला आधी रडू आलं आणि मग इतकं हसू आलं, की सुईत दोरा ओवता येईना.

पाचला तनुजा आईला घेऊन आली. आतल्या खोलीत ब्लाउज घालून बाहेर आली आणि हार घालताना करावे तसे दोन्ही हात उंच केले.

"कुठंच ओढत न्हाई गं!" ती म्हणाली आणि राजकन्येच्या गळ्यातच पडली.

जाताना तिच्या आईने हळूच आणखी एक पीस टेबलावर ठेवला. धाकट्या मुलीचा. उद्या सकाळी दहाच्या आत हवा.

राजकन्येने तो पसरला, रेघा मारल्या, कात्री उचलली. तिने क्षणभर तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. मग कात्रीची मूठ दाराकडे केली.

"आत्याबाई, या बरं जरा."

धुरपताबाईने हात पदराला पुसले. "कोपऱ्यात व्हय? का कुठं बी?"

राजकन्येने रेघेच्या बाहेर, अगदी कडेला, खडूने एक लहानशी फुली मारली.

"हितं."